बारा बायकांचे चोवीस गुडघे

"बारा बायका, चोवीस गुडघे, आणि त्यातला एकही धड नाही?"

मंजूषा एका शनिवारी आमच्यावर अशी कडाडली तेव्हा आम्ही सगळ्या आपापल्या चटईवर बसून नखं बघत होतो. नेदरलँड्सच्या बुइटनव्हेल्डर्ट उपनगरातल्या समाजकेंद्राची ती खोली आम्हाला शनिवारी सकाळी दीड तास मिळते. आमच्या आधी तिथे डच आजी-आजोबांचा पत्त्यांचा डाव असतो, त्यामुळे खोलीला कायम कॉफीचा वास. त्या वासात मंजूषा आम्हाला ओटीपोटाखालच्या स्नायूंची ओळख करून देते, म्हणजे द्यायचा प्रयत्न करते. सुरुवातीला ती विचारते, गेल्या आठवड्यात कुणाला काही त्रास झाला का. आणि आम्ही दर शनिवारी तिला सांगतो, तसं काही नाही, गुडघाच जरा.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या एकीचाही गुडघा दुखत नव्हता. माझा तर नाहीच. मी मीनल, वय बेचाळीस, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायची नोकरी करते आणि स्वतःची अडचण सहा वर्षं लपवते. धाकट्याच्या बाळंतपणापासून शिंक आली की माझे कपडे ओले होतात. मी ट्राम पकडायला धावत नाही, मुलांच्या ट्रॅम्पोलीनजवळ फिरकत नाही आणि फार हसू आलं की मांड्या आवळून हसते. श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू झाली की मी जाहीर करते, गुडघा दुखतोय, मी आपली गाणी म्हणते. उत्तराही आता तेच म्हणते. उत्तरा आमच्या ग्रुपची म्होरकी. फुगडीत अशी गरगर फिरायची की तिच्या हातात हात द्यायला बाकीच्या घाबरायच्या. गेल्या वर्षी तिला दुसरं मूल झालं आणि ती मुकाट्याने गाणाऱ्यांच्या रांगेत येऊन बसली. ती रांग दर वर्षी लांबत चालली होती, आणि खेळायला चौघीच उरल्या होत्या.

गुडघा हा फार सोयीचा अवयव आहे. तो दुखतो म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, फार तर एखादं तेल सुचवतात. नेदरलँड्समध्ये आलेल्या प्रत्येक मराठी माणसाची एक ठरलेली तक्रार असते, की इथला हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, काहीही झालं तरी पॅरासिटामॉल देतो. आम्ही बायकाही ती तक्रार मन लावून करतो. पण आम्ही त्यालाही गुडघाच सांगितला होता. मग तो बिचारा दुसरं काय देणार?

मंजूषा सांगलीची. मिरजेला फिजिओथेरपी शिकली, आशुतोषशी स्वतः ठरवून लग्न केलं आणि त्याच्या नोकरीमागे इथे आली. इथे तिची पदवी कुणी मानेना. आधी डच भाषेच्या परीक्षा, मग विषयाच्या परीक्षा, मग कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी, यात पाच वर्षं गेली. तोवर ती एका सुपरमार्केटमध्ये पहाटे पाव मांडायची. आता आम्स्टलव्हेनच्या एका दवाखान्यात ती फक्त याच स्नायूंचं काम करते. तिथे येणाऱ्या डच बायका कोट काढायच्या आधीच सगळं सांगून मोकळ्या होतात म्हणे. कधी होतं, किती होतं, नवऱ्याजवळ गेल्यावर कुठे दुखतं, सगळं. आणि माझ्या भाषेत, माझ्याच बायका मला गुडघे दाखवतात, हे ती इतक्यांदा बोललीय की आम्हाला पाठ झालंय.

ती चिडकी आहे, हे मान्यच. भर पावसात टोपी न चढवता सायकल हाणते, फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाही, थेट "बोल" म्हणते. पण तिच्याइतका धीर मी कुणात बघितला नाही. तीन वर्षं दर शनिवारी ती आमच्यासाठी येते आणि आम्ही तिला चकवतो. तिची शिकवायची पद्धत साधी आहे. पाठीवर झोपायचं, पाय दुमडायचे, आपलाच एक हात ओटीपोटावर ठेवायचा. ती स्वतः कुणाला हात लावत नाही. तुमचं शरीर आहे, तुमच्या हाताला आधी कळू दे, असं तिचं म्हणणं. श्वास आत घेताना खालचं सगळं सैल सोडायचं, श्वास सोडताना अलगद वर उचलायचं. उचलणं आम्हाला पहिल्याच दिवशी जमलं, कारण आवळून बसायचं शिक्षण लहानपणीच झालेलं असतं. नीट बस, पाय जुळव, पोट आत घे, हळू हस. सोडणं मात्र कुणाला येईना. मंजूषा कावायची. स्नायूंची झोळी आहे ती, म्हणायची, तुम्ही तिला दिवसभर ताणून ठेवलीत तर शिंक आल्यावर आणखी काय ताणणार?

चौथ्या की पाचव्या शनिवारी मला एकदा सोडता आलं, क्षणभरच, आणि एकदम रडू फुटलं. धाकट्याच्या वेळचे सव्वीस तास, ते दिवे, माझं ओरडणं, मला न विचारता झालेलं काय काय, सगळं परत अंगावर आलं. इतकी वर्षं ते मी तिथेच आवळून धरलं होतं की काय, कोण जाणे. मंजूषाने नुसता रुमाल आणून शेजारी ठेवला. बाकीच्यांना मी सांगितलं की गुडघ्यात कळ आली.

मंजूषाची आई, मालिनीकाकू, दर वर्षी उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी इथे येतात. वय अडुसष्ट, सडसडीत बांधा, बोलणं कमी. खुर्चीच्या कडेवर बसायच्या, दुपारनंतर चालायचं टाळायच्या, आणि विचारलं तर सांगायच्या की गुडघा. मंजूषा सहा उन्हाळे त्यांचा गुडघा सुधारत होती. एक्स-रे झाला, त्यात वयाच्या मानाने काहीच सापडलं नाही. मग मांड्यांचे व्यायाम, खुर्ची धरून उठाबशा, तीन मजले जिना चढणं. काकू सगळं निमूट करायच्या आणि दर वर्षी जरा जास्तच थकायच्या. आई मन लावून करत नाही, म्हणून मंजूषा त्यांच्यावर खेकसायची. तिने त्यांना गुडघ्याला बांधायचा पट्टा आणून दिला होता. काकू तो रोज इमानदारीने चढवायच्या, पण कधी उजव्या पायात, कधी डाव्या. मी एकदा चेष्टाही केली, काकू, दुखणं गावभर फिरतंय का? त्या हसल्या. मंजूषा तिथेच होती, तिने ऐकलं, आणि तिला काही खटकलं नाही. मलाही नाही, आणि चुका शोधणं हा माझा धंदा.

मंजूषाच्या रागाच्या तळाशी निराळंच काही होतं. काकू तरुणपणी फुगडीत नावाजलेल्या. श्रावणात त्यांना चार-चार घरून बोलावणं यायचं. मंजूषाच्या पहिल्या मंगळागौरीला मात्र त्या लेकीच्या सासरी आल्या, खुर्ची मागून घेतली आणि रात्रभर बसून राहिल्या. सगळ्यांनी ओढलं, सासूबाईंनी टोमणा मारला, तरी त्यांचं एकच, गुडघा. मंजूषाने हे मला सांगितलं तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि तिचा आवाज तेव्हाही चिरकला. आईला आशुतोष पसंत नव्हता, असं तिने धरलं होतं. तोंडाने बोलली नाही, पण माझ्या मंगळागौरीत तिने माझ्या हातात हात दिला नाही, असं ती म्हणाली.

यंदा जुलैत एका मंगळवारी काकू कचरा टाकायला खाली गेल्या आणि मागे दार ओढलं गेलं. इथली दारं बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. काकू दोन तास जिन्यात बसून होत्या. तेव्हापासून मंजूषा त्यांना घरी एकटं ठेवेना. त्या शनिवारी आशुतोष लेकीला, हिमानीला, हॉकीच्या सामन्याला घेऊन गेला होता, म्हणून काकू आमच्याबरोबर समाजकेंद्रात आल्या. खुर्चीवर बसते म्हणाल्या. मंजूषा म्हणाली, बसायचं काम नाही, गुडघ्यालाही बरं वाटेल, झोप चटईवर. काकू झोपल्या.

मंजूषा नेहमीचं सांगत गेली. हात ओटीपोटावर. श्वास आत. मोकळं सोडा, काही पडत नाही, काही सांडत नाही, जमीन आहे खाली. वीस मिनिटांनी आम्ही कुशीवर वळून उठून बसलो. काकू उठल्या नाहीत. हात तसाच ओटीपोटावर, डोळे छताकडे. मंजूषाने जरा चिडूनच विचारलं, आई, गुडघा धरला का?

"गुडघ्याला काही झालेलं नाही, मंजू," काकू म्हणाल्या. "कधीच काही नव्हतं. माझं अंग बाहेर येतं. राजन झाला तेव्हापासून."

राजन मंजूषाचा धाकटा भाऊ. त्याला अडतिसावं वर्ष लागलं होतं. मला वाटलं मंजूषा आता आईजवळ बसेल, हात हातात घेईल. ती उभ्या उभ्या भडकली. मी हेच काम करते आई, रोज आठ बायका तपासते, सहा वर्षं तुला उठाबशा काढायला लावल्या मी, त्याने गर्भाशय आणखी खाली आलं असणार, आणि तू गप्प राहिलीस, असं काय काय ती बोलत सुटली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच उठून बसल्या.

"तू दर वेळी गुडघ्याचंच विचारलंस," त्या म्हणाल्या. "मी गुडघ्याचं सांगितलं."

काकूंचं परतीचं विमान तीन आठवड्यांवर होतं. मंजूषाने सोमवारीच हाउसआर्ट्सकडे वेळ घ्यायचं ठरवलं आणि काकूंनी साफ नकार दिला. आता काय राहिलंय, इतकी वर्षं गेली तशी उरलेली जातील, म्हणाल्या. मंजूषाने समजावलं, ओरडली, आकृत्या काढून दाखवल्या, दोन दिवस अबोला धरला. काकू पोळ्या करत राहिल्या, ओट्याला टेकून, मधे मधे बसत. एकदा हिमानी जेवताना आईला म्हणाली, "बट व्हाय डिड नोबडी जस्ट टेल द हाउसआर्ट्स?" पंधरा वर्षांच्या मुलीला यात अवघड काय आहे तेच कळत नव्हतं. मंजूषा तिच्यावरही खेकसली, आणि मग मला फोन करून रडली. हजार बायकांना बोलतं केलं आणि आईपुढे हात टेकले, म्हणाली. मला तिची कीव आली आणि काकूंचा रागही आला. खरं तर मला माझाच राग येत होता, कारण हे सगळं ऐकताना मी तिला अजून माझं सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. आपल्याकडच्या भाज्या ठेवणाऱ्या सुरिनामी दुकानातून आणलेली गवार टेबलावर पसरून काकू निवडत होत्या, मीही हात लावला. मंजूषा आतून एक कागद आणि पेन घेऊन आली आणि आईसमोर बसली. दवाखान्यात पहिल्या भेटीला येणाऱ्या बाईकडून जो कागद भरून घेतात, तो. त्यावरचे डच प्रश्न ती मराठी करून एकेक विचारू लागली. आवाज वेगळाच होता, दवाखान्यातला असावा. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

केव्हापासून आहे? काकू गवारीच्या शिरा काढत म्हणाल्या, राजनच्या बाळंतपणापासून. तेराव्या दिवशी नळावरून पाणी भरलं, तेव्हा. दिवसात केव्हा जास्त होतं? सकाळी नसतं, दुपारनंतर येतं, आडवं झालं की आत जातं. तुम्ही त्यासाठी काय करता? हाताने आत सारते, जुन्या लुगड्याची घडी लावते. लघवी पूर्ण होते का? नाही. शिंकताना, खोकताना? हो. मंजूषा मान वर न करता लिहीत होती. तिने ना अरे देवा म्हटलं, ना रागावली. यापूर्वी कुणाला सांगितलं होतं का? आईला, काकू म्हणाल्या. ती म्हणाली, मलाही आहे, असतंच.

गवार संपत आली होती. कागदावरचा शेवटचा प्रश्न होता, या त्रासामुळे तुम्ही काय काय करणं सोडलंत? सायकल, काकू म्हणाल्या. लांबचा एसटीचा प्रवास. मग एक शेंग हातात घेऊन नुसत्याच बसल्या.

"फुगडी," त्या म्हणाल्या. "तुझ्या मंगळागौरीला मी खेळायचं म्हणूनच आले होते, मंजू. घट्ट नेसून, आतून कापडाची पट्टी बांधून. तुझ्या सासूच्या मागच्या खोलीत एकदा गिरकी घेऊन बघितली, आणि सगळं खाली आलं. मग खुर्ची मागितली."

मंजूषाचं पेन थांबलं. मग दवाखान्यातला आवाज गेला आणि ती लहान मुलीसारखी म्हणाली, मला वाटलं तुला आशुतोष आवडला नव्हता.

"आशुतोषला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. "चांगला आहे की तो."

मंजूषा टेबलावर डोकं ठेवून हसली की रडली, मला नीट कळलं नाही. अठरा वर्षं तिने आईवर तो राग धरला होता, आणि आई त्या खुर्चीवर बसून लेकीच्या फुगड्या बघत होती. काकूंनी तिच्या केसांना गवारीचेच हात लावले. थोड्या वेळाने म्हणाल्या, एवढं सगळं लिहिलंसच, तर दाखव आता तुझ्या त्या हाउसआर्ट्स बाईला.

गुरुवारी मीच गाडीने दोघींना घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती. मंजूषा आत दुभाषी म्हणून गेली, मी बाहेर बसले. आत काय झालं ते मंजूषाने नंतर सांगितलं. तपासलं, मापाचं एक मऊ रबरी कडं आत बसवलं, ते घसरलं, मग दुसऱ्या मापाचं बसवलं. काकूंना चालायला लावलं, खोकायला लावलं, बसून उठायला लावलं. कडं जागच्या जागी राहिलं, काही खाली आलं नाही. काही महिन्यांनी धुवायचं, ते कसं काढायचं हे शिकवलं. बस्स. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, वीस मिनिटं लागली.

मला वाटलं होतं, काकू हसत बाहेर येतील. त्या ताठ चालत आल्या, गाडीत बसल्या आणि दार इतक्या जोरात आपटलं की मी दचकले.

"हे सांगलीत मिळत होतं?" त्यांनी विचारलं.

"मिळत होतं, आई," मंजूषा म्हणाली. "आधीपासून."

"वीस मिनिटं," काकू म्हणाल्या. "वीस मिनिटांचं काम होतं. माझी आई तर हे घेऊनच गेली."

मग त्यांनी सगळ्यांवर आग पाखडली. तेराव्या दिवशी पाणी भरायला लावणाऱ्या सासूवर, असतंच म्हणणाऱ्या आईवर, पोट बांध म्हणणाऱ्या सुईणीवर, उठाबशा काढायला लावणाऱ्या लेकीवर, आणि सर्वांत जास्त स्वतःवर. मी आजवर त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. मंजूषा मागे त्यांच्या शेजारी बसून सगळं ऐकत होती, आणि पहिल्यांदाच तिने उलट उत्तर दिलं नाही. घरी पोहोचलो तरी काकूंचा राग उतरला नव्हता. तीन मजले त्या न थांबता चढल्या, आणि वर जाऊन आणखी चिडल्या, कारण न थांबता चढता आलं होतं.

जायच्या आधीच्या शनिवारी त्या पुन्हा समाजकेंद्रात आल्या. तोच कॉफीचा वास, त्याच चटया. आठवड्याभराने मंगळागौरीचा कार्यक्रम होता. मंजूषाने नेहमीसारखं विचारलं, कुणाला काही त्रास? उत्तरा मांडीवरची ओढणी सारखी करत म्हणाली, तसं काही नाही गं, गुडघाच जरा.

काकूंनी पिशवीत हात घातला, तो गुडघ्याचा पट्टा काढला आणि उत्तराच्या चटईवर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "मला आता लागत नाही. कधी उजव्या पायात घाल, कधी डाव्या. कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या फिजिओथेरपिस्ट लेकीच्याही आलं नाही."

कुणी हसलं नाही. उत्तरा त्या पट्ट्याकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. एकाएकी मला या सगळ्याचा विलक्षण कंटाळा आला, सहा वर्षांच्या त्या मांड्या आवळून हसण्याचा.

"मला शिंकताना होतं," मी म्हणाले. "सहा वर्षं झाली."

"मला फुगडी घालताना," उत्तरा म्हणाली, पट्ट्यावरची नजर न काढता. "पहिल्याच गिरकीला."

मंजूषाने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. वाटलं, आता ही कडाडणार. तिने पिशवीतून कागद आणि पेन काढलं, उत्तरासमोर मांडी घालून बसली आणि त्या दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "केव्हापासून?"